खासगी विद्यापीठाने आपल्या इतिहासात काय लिहावे?

१९१६ साली भारतात तीन विद्यापीठे जन्माला आली. फेब्रुवारीत बनारस हिंदू विद्यापीठाची पायाभरणी झाली. त्याच्या पाठीशी आदल्या वर्षी झालेला कायदा होता आणि देशभरच्या राजेरजवाड्यांच्या देणग्या होत्या. जुलैच्या अखेरीस म्हैसूर विद्यापीठ सुरू झाले; त्यामागे म्हैसूर संस्थानचा खजिना होता. त्याच जुलै महिन्यात पुण्याजवळच्या हिंगण्यात धोंडो केशव कर्वे यांनी भारतवर्षीय महिला विद्यापीठाचे, म्हणजे आजच्या एसएनडीटीचे, पहिले कॉलेज उघडले. विद्यार्थिनी होत्या पाच. या विद्यापीठाला कायदा नव्हता, सनद नव्हती, खजिना नव्हता. सरकारने त्याची पदवी मानावी, असे कोणतेही बंधन सरकारवर नव्हते आणि सरकारने ती मानलीही नाही.

ही मान्यता यायला १९४९चा कायदा आणि १९५१ साल उजाडावे लागले. पस्तीस वर्षे हे विद्यापीठ शब्दशः खासगी होते, आणि आजच्या कोणत्याही अर्थाने बेकायदा ठरले असते. १९५६च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यातील २२ आणि २३ ही कलमे पाहा. कायद्याने स्थापन न झालेल्या संस्थेला पदवी देता येत नाही आणि स्वतःला विद्यापीठ म्हणवून घेता येत नाही. आयोग वेळोवेळी बनावट विद्यापीठांची यादी काढतो. आजचे नियम लावले तर कर्व्यांचे विद्यापीठ त्या यादीत गेले असते. आणि तरीही त्याचा शैक्षणिक इतिहास त्या पस्तीस वर्षांतच घडला, असे माझे ठाम मत आहे. आज महाराष्ट्रात खासगी विद्यापीठे वाढत असताना ही गोष्ट पुन्हा नीट पाहायला हवी, कारण विद्यापीठाच्या वाटचालीत काय मोजायचे हेच आपण विसरत चाललो आहोत.

कोणत्याही खासगी विद्यापीठाचे माहितीपत्रक उघडा. ‘आमची वाटचाल’ या पानावर साधारण एकाच प्रकारच्या नोंदी असतात. अमुक साली संस्थेची स्थापना, अमुक साली जागा घेतली, अमुक साली अभिमत दर्जा किंवा राज्याचा कायदा, मग महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची श्रेणी, मग एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीतला क्रमांक, परदेशी विद्यापीठांशी सामंजस्य करार, नवा परिसर, नवी इमारत. यात खोटे काही नसते. पण या साऱ्या नोंदी दुसऱ्याने काय दिले याच्या आहेत. सरकारने दर्जा दिला, नॅकने श्रेणी दिली, बँकेने कर्ज दिले. विद्यापीठाने स्वतः काय ठरवले, कोणता विषय कोणत्या हेतूने सुरू केला, परीक्षेत काय बदलले, कोणत्या निर्णयाबद्दल कोणाचा रोष पत्करला, यातले एक अक्षरही तिथे सापडत नाही. आणि शैक्षणिक इतिहास म्हणतात तो नेमका याला.

कर्व्यांच्या विद्यापीठाकडे मिरवण्यासारखे दुसऱ्याने दिलेले काहीच नव्हते. म्हणून त्याच्या इतिहासात निर्णय स्वच्छ दिसतात.

पहिला निर्णय माध्यमाचा. मुंबई विद्यापीठ तेव्हा स्त्रियांना बंद नव्हते, हे लक्षात ठेवायला हवे. कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८८०च्या दशकातच तिथली पदवी मिळवली होती. दार उघडे होते, पण ते इंग्रजीचे होते. घरात मराठी किंवा गुजराती बोलणारी, उशिरा शाळेत गेलेली, लग्न झालेली किंवा विधवा झालेली मुलगी त्या दारापर्यंत पोचायचीच नाही. मराठी हा विषय त्या विद्यापीठात एम.ए.ला यावा म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना वर्षानुवर्षे खटपट करावी लागली होती. मराठीतून बाकीचे विषय शिकवण्याची गोष्ट तर कोणाच्या मनातही नव्हती. कर्व्यांनी पदवीपर्यंतचे शिक्षण मातृभाषेतून द्यायचे ठरवले आणि इंग्रजी हा एक विषय म्हणून सक्तीचा ठेवला. त्या पातळीची मराठी पाठ्यपुस्तके हाताशी नव्हती. शिकवणारे स्वतः इंग्रजीतून शिकलेले. तरी निर्णय झाला.

मातृभाषेतल्या उच्च शिक्षणाचे उदाहरण म्हणून आपण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे नाव घेतो. ते १९१८चे. तिथे उर्दू माध्यमासाठी निजामाने स्वतंत्र अनुवाद विभाग उभा केला, पगारी विद्वान बसवले, पुस्तके छापून घेतली. आमच्या मराठवाड्यातल्या मुलांना मात्र तिथे आपली भाषा सोडूनच शिकावे लागले. राज्यकर्त्याने ठरवलेले माध्यम आणि शिकणाऱ्याची भाषा यांत अंतर राहू शकते, हेही त्यातून दिसते. हिंगण्याचे विद्यापीठ त्याआधी दोन वर्षे, अनुवाद विभागाशिवाय, वर्गणीवर चालले होते. १०५ वर्षांनी, २०२१ साली, एआयसीटीईने, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली, तेव्हा ती नवी दिशा म्हणून तिचे स्वागत झाले. महाराष्ट्रातल्या किती खासगी विद्यापीठांनी त्याआधी स्वतःच्या अधिकारात हा विचार केला होता? अभ्यासक्रम ठरवण्याचे स्वातंत्र्य तर त्यांच्याकडे होतेच. याच स्वातंत्र्यासाठी त्यांनी कायदे मागितले होते.

दुसरा निर्णय अभ्यासक्रमाचा, आणि तो जास्त गुंतागुंतीचा आहे. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद कर्व्यांकडे आले. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्याकडे येऊन पडली होती. भाषणाच्या तयारीत त्यांनी ती वाचली आणि स्त्रियांसाठी वेगळ्या विद्यापीठाची कल्पना परिषदेपुढे मांडली. जिन्झो नारुसे यांनी १९०१ साली काढलेली ती जपानी संस्था. तिच्या नावात विद्यापीठ होते, पण जपानच्या कायद्याने तिला विद्यापीठाचा दर्जा १९४८ साली दिला. दोन्ही संस्था जवळपास एकाच काळात कायद्याच्या चौकटीत आल्या, आणि दोन्हींनी त्याआधी दशकानुदशके काम केले होते.

जपानच्या नमुन्यावरून कर्व्यांनी गृहशास्त्र, आरोग्य यांसारखे विषय अभ्यासक्रमात महत्त्वाचे मानले. स्त्री पुढे घर सांभाळणार, मुले वाढवणार, म्हणून तिचे शिक्षण त्याला धरून हवे, असा हा विचार. त्यावर त्या काळातच टीका झाली. वेगळा अभ्यासक्रम म्हणजे कमी दर्जाचा अभ्यासक्रम, पुरुषांनी जे शिकायचे ते स्त्रियांनी का शिकू नये, हा आक्षेप अनेक सुधारकांनी घेतला. दुसऱ्या बाजूने गांधीजींना मातृभाषेचे माध्यम पसंत होते, पण इंग्रजीची सक्ती मान्य नव्हती. आज मी तो अभ्यासक्रम वाचतो तेव्हा मला टीकाकारांचे बरोबर वाटते. घर ही स्त्रीचीच जबाबदारी, हे गृहीत धरून विद्यापीठ उभे करणे ही त्या प्रयत्नाची मोठी मर्यादा होती. आणखी एक मर्यादा त्याहून खोल आहे. हिंगण्याच्या आश्रमात आणि पुढच्या शाळांत सुरुवातीच्या काळात मुली प्रामुख्याने ब्राह्मण घरांतल्या होत्या. ज्योतिराव आणि सावित्रीबाईंनी त्याच पुणे शहरात अर्धशतकाहून अधिक आधी जी दिशा दाखवली होती, तिच्याकडे या संस्थेने पाठ फिरवली होती, असे म्हणणे भाग आहे. कर्व्यांनी समता संघ काढला तो १९४४ साली, वयाच्या ८६व्या वर्षी.

मग या विद्यापीठाचा आदर्श का सांगायचा? कारण हे सारे वाद घालता येतात. इथे निर्णय घेणारा माणूस दिसतो, त्याची कारणे लिहिलेली सापडतात, विरोधकांची कारणे सापडतात. चुकलेला निर्णय चुकला म्हणून दाखवता येतो. ज्या विद्यापीठाने काहीच ठरवले नाही, त्याच्याशी वाद तरी कसा घालणार?

पदव्यांचेही तसेच. बी.ए.च्या जागी या विद्यापीठाने ‘गृहीतागमा’ आणि एम.ए.च्या जागी ‘प्रदेयागमा’ अशा स्वतःच्या पदव्या दिल्या. लोक त्यांना जी.ए. आणि पी.ए. म्हणत. जी.ए. झालेल्या बाईला सरकारी नोकरीत बी.ए.ची किंमत नव्हती. सुरुवातीच्या वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या स्त्रिया मोजक्याच होत्या, आणि ज्यांना जमत होते त्या मुंबई विद्यापीठाकडेच जात होत्या. तरीही ही पदवी घेणाऱ्या मुली येत राहिल्या. त्यांनी पुढे शाळा चालवल्या, मुलींना शिकवले. पुणे, मुंबई, अहमदाबाद, बडोदे इथे या विद्यापीठाशी जोडलेली कॉलेजे आणि शाळा उभ्या राहिल्या. पदवीचे मोल या बायकांच्या कामावर ठरत गेले, राजपत्रातल्या अधिसूचनेवर ते ठरले नाही.

विद्यापीठाचे पहिले कुलपती रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते आणि पहिले कुलगुरू रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. भांडारकर त्याआधी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होऊन गेले होते. परांजपे केंब्रिजचे सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले, फर्ग्युसनचे प्राचार्य. म्हणजे सरकारमान्य विद्यापीठाच्या सर्वोच्च वर्तुळातल्या माणसांनी एका अमान्य विद्यापीठाला आपले नाव दिले. पैसे आणणारे कर्वे होते, पण विद्येच्या बाबतीत वरची जागा विद्वानांची राहिली. आज किती खासगी विद्यापीठांत कुलपती हा संस्थापक किंवा त्याच्याच कुटुंबातला माणूस असतो, हे वाचकांनी आपापल्या जिल्ह्यात पाहावे.

पैशाची बाजू या इतिहासात फार बोलकी आहे. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. आज आपण ज्याला एसएनडीटी म्हणतो ते हे. देणगीला नावाची अट होती, आणि विद्यापीठाचे मुख्य ठाणे मुंबईला न्यायचे होते. ते १९३६ साली गेले. म्हणजे देणगीदाराचा शब्द चालला. पण कशात चालला आणि कशात नाही, हे पाहा. नावात चालला, जागेत चालला. मराठी-गुजराती माध्यम तसेच राहिले, आणि स्त्रियांसाठीच विद्यापीठ हा हेतूही तसाच राहिला. माझ्या मते खासगी पैशाला विद्यापीठात इथवर जागा असावी, यापुढे नसावी.

आणि एवढी देणगी मिळूनही कर्वे थांबले नाहीत. १९२९ साली, ७१व्या वर्षी, ते परदेशी निघाले. इंग्लंड, डेन्मार्क, जर्मनी, अमेरिका, जपान. बर्लिनमध्ये ते आइन्स्टाइन यांना भेटले. टोकियोत ते महिला विद्यापीठ त्यांनी डोळ्यांनी पाहिले ज्याच्याबद्दल फक्त वाचले होते. परतल्यावर लगेच पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला, तिथल्या भारतीयांकडून वर्गण्या गोळा केल्या. मोंबासाच्या एखाद्या गुजराती दुकानदाराने हिंगण्यातल्या मराठी मुलीच्या शिक्षणाला पैसे द्यावेत, आणि त्याला त्याबद्दल परतावा म्हणून काहीही मिळू नये, ही खासगी विद्यापीठाची एक व्याख्या होती. आज खासगी विद्यापीठ चालते ते मुख्यतः विद्यार्थ्याच्या फीवर. तीच मुलगी आता स्वतः पैसे भरते, बहुधा वडिलांनी काढलेल्या कर्जातून.

यातली वेदना अगदी ताजी आहे. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. निर्णय चांगला आहे. पण खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळली गेली. सरकारचा युक्तिवाद समजतो. खासगी विद्यापीठाने ठरवलेली कितीही मोठी फी तिजोरीतून का भरायची? मग प्रश्न विद्यापीठांकडेच येतो. ज्या राज्यात स्त्रियांचे पहिले विद्यापीठ खासगी प्रयत्नातून उभे राहिले, तिथे आजच्या एखाद्या खासगी विद्यापीठाने या मुलींसाठी स्वतःच्या पैशाने फीमाफी जाहीर केली, तर ती त्याच्या शैक्षणिक इतिहासातली पहिली खरी नोंद होईल.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. मान्यता ही नुसती मिरवण्याची गोष्ट नाही. ती विद्यार्थ्याचे संरक्षण आहे. हे शिकवणारे उदाहरण छत्तीसगडचे. २००२ साली त्या राज्याने खासगी विद्यापीठांचा कायदा केला आणि थोड्याच काळात राजपत्रातून शंभरावर विद्यापीठे जन्माला घातली. त्यांतल्या कित्येकांकडे इमारत नव्हती, शिक्षक नव्हते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष, शास्त्रज्ञ यश पाल सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायालयाने त्या कायद्याची मुख्य कलमे रद्द केली. विद्यापीठे रद्द झाली. विद्यार्थ्यांना वाऱ्यावर सोडू नये म्हणून संस्थांना राज्याच्या विद्यापीठांशी जोडून घेण्याची सोय करावी लागली.

कर्वे आणि छत्तीसगड शेजारी ठेवले की मला जे म्हणायचे आहे ते सापडते. छत्तीसगडमध्ये कायदा होता, सनद होती, विद्या नव्हती. हिंगण्यात विद्या होती, बाकी काही नव्हते. म्हणून कायदा नको, असे मी म्हणत नाही. मोकळे रान सोडले तर कर्वे एखादाच निघतो आणि दुकाने शेकड्यांनी निघतात. पण कायदा जे तपासतो त्यात जमीन आहे, ठेव आहे, चौरस फूट आहेत. महाराष्ट्राला हे १९८३पासून माहीत आहे. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, कर्नाटकात जाणारी मराठी मुले इथेच शिकू लागली, आणि त्याचबरोबर शिक्षणसंस्था हा राजकीय पुढाऱ्यांचा व्यवसाय बनला. त्या महाविद्यालयांतून लाखो इंजिनिअर झाले, हे मी नाकारणार नाही. पण त्यांतल्या कोणत्या संस्थेने चाळीस वर्षांत शिकवण्याच्या पद्धतीत काही नवे केले, ते सांगता येईल असा दस्तऐवज आपल्याकडे नाही.

इतिहास लिहायचा तर गैरसोयीचे प्रसंगही लिहावे लागतात. हरियाणातले अशोका विद्यापीठ हे देशातल्या नावाजलेल्या खासगी विद्यापीठांपैकी एक. मार्च २०२१ मध्ये राजकीय विचारवंत प्रताप भानू मेहता यांनी तिथल्या प्राध्यापकपदाचा राजीनामा दिला. आपला संस्थेशी असलेला संबंध राजकीय अडचण समजला जातो, असे त्यांनी पत्रात लिहिले. पाठोपाठ अर्थतज्ज्ञ अरविंद सुब्रमणियन यांनीही राजीनामा दिला. विद्यार्थी आणि प्राध्यापक उभे राहिले. शेवटी विद्यापीठाच्या धुरीणांनी आणि या दोघांनी मिळून काढलेल्या निवेदनात संस्थेच्या कार्यपद्धतीत काही चुका झाल्याचे मान्य करण्यात आले. हा त्या विद्यापीठाच्या शैक्षणिक इतिहासातला फार मोठा प्रसंग आहे, कोणत्याही क्रमवारीपेक्षा मोठा. कारण त्यात प्रश्न असा होता की ज्याचे पैसे आहेत त्याचा शब्द अध्यापकाच्या लेखणीपर्यंत पोचतो का.

एसएनडीटीकडे पुन्हा वळतो, कारण त्याच्या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा क्षण मान्यतेनंतरचा आहे. १९५१ नंतर, लेडी प्रेमलीला ठाकरसी कुलगुरू असताना, हे सरकारमान्य विद्यापीठ म्हणून नव्याने उभे राहिले. आणि १९७४ साली समाजशास्त्रज्ञ नीरा देसाई यांनी तिथे स्त्री-संशोधन केंद्र सुरू केले, देशातले पहिले. १९८१ साली स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद याच विद्यापीठात भरली आणि त्यातून भारतीय स्त्री-अभ्यास संघटना निघाली. घर हे स्त्रीचे कर्तव्य मानून ज्या विद्यापीठाने गृहशास्त्र शिकवायला घेतले, त्याच विद्यापीठात साठ वर्षांच्या आत घरकाम हे श्रम आहेत आणि ते मोजले जात नाहीत, यावर संशोधन होऊ लागले. विद्यापीठाने स्वतःच्या पायालाच प्रश्न विचारला. हे घडण्यासाठी आधी पाया दिसेल असा असावा लागतो.

म्हणून माझी मागणी राज्य सरकारकडे आणि विद्यापीठांकडे अशी आहे. प्रत्येक खासगी आणि अभिमत विद्यापीठाने दर दहा वर्षांनी आपला शैक्षणिक इतिहास लिहून प्रसिद्ध करावा आणि हे कायद्याने बंधनकारक करावे. तो जनसंपर्क विभागाने लिहू नये. विद्यापीठाबाहेरच्या दोन-तीन अभ्यासकांकडून लिहून घ्यावा. कोणते विषय सुरू केले आणि कोणते बंद केले, ते का, हे त्यात असावे. मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान, मूलभूत विज्ञान यांची काय स्थिती आहे? किती अध्यापक कायम आहेत आणि किती वर्षागणिक कराराचे? किती विद्यार्थ्यांना फीमाफी मिळाली आणि ती कोणाच्या पैशातून? विद्यापरिषदेने व्यवस्थापनाचा एखादा प्रस्ताव कधी नाकारला का? नसेल, तर दहा वर्षांत एकदाही का नाही? कोणत्या अध्यापकाला का जावे लागले?

हे अवघड काम नाही. कर्व्यांनी आपल्या संस्थेचे हिशेब आणि अहवाल छापले, वर्गणीदारांपुढे ठेवले, आत्मचरित्रात स्वतःच्या मर्यादा नोंदवल्या. त्यांना कोणी विचारणारे नव्हते. आजच्या विद्यापीठाकडे राज्याचा कायदा आहे, पदवी देण्याचा अधिकार आहे आणि हजारो पालकांचे पैसे आहेत. विचारण्याचा हक्क त्या पालकांना आहे, आणि प्रवेशाच्या हंगामात, पोरीचा हात धरून चकचकीत दालनात बसलेले असतानाच त्यांनी तो वापरावा: इमारत बघितली, आता या विद्यापीठाने गेल्या दहा वर्षांत शिकवण्यात काय बदल केला ते दाखवा.